मनातल्या मनात दहापर्यंत

आमच्या घरातला सकाळचा पहिला आवाज गुळण्यांचा असे. वलगावच्या बाहेर, नाल्याच्या अंगाला आमची भाजीची वाडी होती आणि वाडीतच घर. विहिरीवरचा पंप सुरू व्हायच्या आधी माझी धाकटी बहीण कुंदा हौदाच्या कठड्यावर बसे, हातातल्या पितळी पेल्यातलं मिठाचं पाणी तोंडात घेई, मान मागे टाके आणि घशात खळखळ आवाज काढी. तिचा घसा दुखत नव्हता. घशाच्या मागच्या बाजूला जिभेचं मूळ असतं आणि ते वर उचलता येतं, एवढं तिला कळावं म्हणून या गुळण्या होत्या. कुंदा तेव्हा सहा वर्षांची होती आणि तिला क म्हणता येत नव्हता. क, ख, ग, घ या चारही अक्षरांच्या जागी तिची जीभ पुढे, दातांमागे जाई. काकडीची तातडी होई, गुळाचा दूळ, खिडकीची थिडती. स्वतःचं नाव ती तुंदा असं सांगे. गावातली पोरं तिला त्याच नावानं हाक मारत.

मी तिच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. तिचं बोलणं घरात सगळ्यांना कळे. पण सर्वांत आधी मला कळे. माय चुलीपुढून विचारी, "काय म्हणते व ते?" आणि मी सांगे. पाहुणे आले की कुंदा बोले आणि मी पुढच्या श्वासाला तेच वाक्य नीट करून म्हणे. याचं घरात कौतुक होतं. मलाही ते फार आवडे. शाळेत माझी वक्तृत्वात बक्षिसं होती, आवाज मोठा होता, आणि घरी एक माणूस असं होतं ज्याचं बोलणं माझ्याशिवाय लोकांपर्यंत पोचत नव्हतं. तेव्हा मी त्याला माया म्हणत होते. ती नव्हतीच असं नाही, पण तेवढंच नव्हतं.

वाडीत वांगी, मेथी, पालक, ढेमसं, काकडी आणि सांभार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात. दुपारनंतर सगळं घर ओसरीत जुड्या बांधायला बसे. ओल्या गोणपाटाचा आणि सांभाराचा मिळून एक वास होता. आजही अकोल्याच्या बाजारात तो आला की मी थांबते. माय मुठीनं मेथी मोजी, बाबा सुतळी तोडून देत, मी गाठ मारी आणि कुंदा बांधलेली जुडी हौदात बुडवून टोपल्यात रचे. जेवायला बहुतेक दिवस ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा. बुधवारी गोळ्याची कढी असे. ती कुंदाची आवडती. तिला ती मागता येत नसे, म्हणजे मागितली तर मोठे लोक हसत, म्हणून ती माझ्या कानात सांगे आणि मी मागे.

शाळेच्या मास्तरांनी तिला पहिलीतच मागच्या रांगेत बसवलं. पोरगी मंद आहे, असं ते बाबांना म्हणाले. बाबांनी ते ऐकून घेतलं; मायनं ऐकलं नाही. "माई पोरगी साऱ्या वाडीचं पाणी कोणत्या दांडातून कुठं जाते ते सांगते, अन् हा मले म्हंते मंद," असं ती चार दिवस बोलत होती. पाचव्या दिवशी तिनं कुंदाला गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अमरावतीला एका दवाखान्यात पाठवलं. तिथल्या मागच्या खोलीत दर मंगळवारी नागपूरहून एक बाई येत, मुलांचे उच्चार सुधारायला. त्यांचं नाव वसुधाबाई. मंगळवारी बाबांना भाजी घेऊन अमरावतीला जायचंच असे. मॅटाडोरमध्ये टोपल्यांच्या मधल्या जागेत आम्ही दोघी बसायचो. माय वाडी सोडू शकत नव्हती, त्यामुळे बाईंनी सांगितलेलं घरी आणण्याचं काम माझ्याकडे आलं.

ती खोली छोटी होती. भिंतीला एक आरसा, टेबलावर लाकडी प्राण्यांची टोपली, आइस्क्रीमच्या सपाट काड्यांचं पुडकं. वसुधाबाई कुंदाच्या शेजारी बसत, समोर नाही, म्हणजे दोघींची तोंडं एकाच आरशात दिसत. काडीनं त्या कुंदाच्या जिभेचं टोक खालच्या दातांमागे अलगद दाबून धरत आणि म्हणत, "आता खोकल्यासारखं कर बेटा. फक्त मागून." पहिले तीन मंगळवार नुसता खोकला आला. चौथ्या मंगळवारी खोकल्याच्या शेवटी एक बारीक, कोरडा क आला. कुंदानं आरशात स्वतःकडे पाहिलं आणि काडी तोंडात असतानाच हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिला तोच आवाज आणखी वीस वेळा काढायला लावला.

त्यांची पद्धत पायऱ्यांची होती. आधी नुसता आवाज, मग का, की, कू, मग शब्दाच्या सुरुवातीला, मग शेवटी, मग मधे, मग वाक्य, आणि अगदी शेवटी घराबाहेर, परक्या माणसांत. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरी नाही. घरी दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं सराव, आणि प्रत्येक सरावाची वहीत नोंद. चुकली तर चूक म्हणायचं नाही, आपण तो शब्द नीट म्हणून पुढे जायचं. आणि एक नियम त्यांनी खास मला सांगितला. "नलू, तिला काही विचारलं की मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. सावकाश. तिला जीभ जागेवर न्यायला वेळ लागतो. दहाच्या आत तू बोललीस तर तिला बोलायची गरजच राहणार नाही." मी हो म्हणाले. हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहूनही घेतलं. ती वही माझ्याकडे आहे. अक्षर वळणदार आहे.

घरी सराव हौदाजवळ होई. आइस्क्रीमची काडी आमच्याकडे कुठली. मी चमच्याचा दांडा वापरी. समोर काकडी, कांदा, कारलं, कोबी मांडून ठेवी आणि बोट दाखवी. कुंदा एकेक शब्दाला थांबे. तिचा खालचा जबडा किंचित पुढे येई, नजर खाली जाई, आणि मग शब्द येई. हे थांबणं मला सहन होत नसे. मी तीनपर्यंत मोजी, फार तर चारपर्यंत, आणि पहिलं अक्षर सांगून टाकी. माय एकदा मेथीचा भारा घेऊन मागून येत होती. ती थांबली आणि म्हणाली, "तिच्या तोंडात तुई जीभ टाकू नोको व. तिची तिले आहे."

"पण माय, ते किती वेळ लावते!"

"लावू दे. पाणी त आपल्या टायमानंच येते न दांडात."

कुंदा मधेच म्हणाली, "ताई, मी सांदन न. थांब न तू."

सांगन म्हणायला तिला अजून येत नव्हतं. मी नियमाप्रमाणे "हो, सांग" असं नीट म्हणून दाखवलं, आणि थांबले मात्र नाही.

पावसाळ्याअखेर शब्द पक्के झाले. वाक्यंही येऊ लागली. "काकू कांदा कापते" हे वाक्य ती जुड्या बुडवताना एका दमात म्हणे, आणि बाबा दर वेळी विचारीत, "कोणती काकू व? आपल्याकडे त माय कापते." राहिली होती ती शेवटची पायरी. वसुधाबाई म्हणाल्या, तिच्या रोजच्या जगातला एखादा प्रसंग शोधा, जिथे चारचौघांत तिला एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती काय हे तिला आधीपासून माहीत आहे. मायनं माझ्याकडून ते ऐकलं आणि लगेच सांगितलं, भुलाबाई.

भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुली रोज संध्याकाळी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत फिरतात. ज्या घरी गाणी होतात, तिथे शेवटी खिरापत. पण ती ओळखावी लागते. घरची मुलगी झाकलेला डबा हातात घेऊन उभी राहते, हलवून दाखवते, आणि बाकीच्या मुली नावं घेत सुटतात. ओळखता आलं नाही तर त्या "हरलो" म्हणतात आणि मग घरची मुलगी खिरापतीचं नाव सांगून डबा उघडते. आमच्या घरची पाळी आली तेव्हा डबा कुंदानं धरायचा, असं ठरलं. मुलींनी ओळखू नये अशी खिरापत हवी आणि तिचं नाव क नं सुरू व्हायला हवं. मायनं कोहळ्याची बोंडं ठरवली. आमच्याकडे कोहळं म्हणजे लाल भोपळा. तो शिजवून, गूळ आणि कणीक घालून तळलेले गोड गोळे. खिरापत सहसा कोरडी असते, फुटाणे, मुरमुरे, खोबरं, लाडू; बोंडं पानात वाढायचा पदार्थ. कोणी ओळखणार नाही अशी मायची खात्री होती. आठ दिवस कुंदानं दुसरं काही म्हटलं नाही. हौदाशी, ओसरीत, पाण्याच्या दांडावरून चालताना, ती फक्त "कोहळ्याचे बोंडं" म्हणत होती. मी मोजलं होतं. ती एकदाही चुकली नव्हती.

त्या संध्याकाळी बारा-तेरा मुली आल्या. अंगणात पाटावर भुलाबाई मांडली होती, गाणी झाली, टिपऱ्या थांबल्या. माय आत शेवटचा घाणा काढत होती. तेलाचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. कुंदा डबा घेऊन पायरीवर उभी राहिली. मी तिच्या डाव्या हाताला, भिंतीला टेकून. डब्यात बोंडांभोवती मायनं फडकं कोंबलं होतं, त्यामुळे हलवला तरी आवाज येत नव्हता.

"फुटाणे!" "लाडू!" "शेव!" "खोबरं!"

कुंदा प्रत्येकाला मान हलवी.

"अव, आवाजच नाई येऊन राह्यला. रिकामाच डबा हाय काय?" हे पमी म्हणाली. पमी माझ्या वर्गातली. वेणी उडवत बोलायची. "सांग न व तुंदे, दोड ती तिथट?"

दोघी-तिघी हसल्या. कुंदानं उजव्या हाताचं बोट चाटून गोड असल्याची खूण केली. आणखी पाच-सात नावं आली. मग पमीनंच हात झटकले.

"हरलो बाप्पा. सांग आता."

कुंदानं माझ्याकडे पाहिलं. तिचा खालचा जबडा किंचित पुढे आला, नजर खाली गेली. मी मोजत होते. एक. दोन. तीन. चारला पमी फुसकन हसली. पाचला कोणीतरी कोणाला तरी कोपरानं ढोसलं.

"कोहळ्याचे बोंडं," मी म्हणाले.

मोठ्यानं, स्वच्छ, वक्तृत्वाच्या आवाजात. मुली ओरडल्या, "हौ न व! बोंडं!" आणि पायरीकडे धावल्या. कुंदाचं तोंड अर्धवट उघडं होतं. तिनं ते मिटलं. मग डबा उघडून ती एकेकीच्या हातावर एकेक बोंड ठेवत गेली. पमीलाही दिलं. सर्वांत शेवटी माझ्याकडे आली आणि माझ्या हातावर दोन ठेवली.

पुढे पन्नास वर्षं मी त्या दोन बोंडांचा एकच अर्थ लावत आले. तिला वाटलं, मी तिला वाचवलं. त्या संध्याकाळनंतर ती परक्या माणसापुढे असताना कोणी काही विचारलं की माझ्याकडे पाही आणि वाट बघे. जबडा पुढे येत नसे. हा फरक मला त्याच आठवड्यात दिसला होता. मी त्याची नोंद केली नाही.

मायनं आतून माझा आवाज ऐकला होता. मुली गेल्यावर ती झारा हातात घेऊनच बाहेर आली. "तुले दहा मोजता येत नाई काय व, नलू?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, त्या हसत होत्या. माय म्हणाली, "हसू देलं असतं. हसून हसून घरीच गेल्या असत्या न."

मंगळवारी वसुधाबाईंनी विचारलं, "मग? सांगितलं का आमच्या कुंदानं?" प्रश्न कुंदाला होता. कुंदानं माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणाले, "हो, सांगितलं." बाईंना फार आनंद झाला. त्यांनी त्यांच्या कागदावर शेवटच्या चौकटीत खूण केली, कुंदाला लाकडी हत्ती बक्षीस दिला आणि आता महिन्यातून एकदा आलं तरी चालेल, असं सांगितलं. दिवाळीनंतर तेही थांबलं. कुंदा खोटं बोलली नाही. ती काहीच बोलली नाही. हत्ती तिनं घरी येऊन माझ्या दप्तराशेजारी ठेवला. मी पुढे तीस वर्षं वर्तमानपत्रात काम केलं. प्रत्यक्ष न घडलेली गोष्ट घडली म्हणून मी एकदाच कळवली, ती त्या खोलीत.

उच्चारांचं म्हणाल तर ते त्या वर्षीच पूर्ण सुधारले. क, ख, ग, घ, सगळे. तपासणाऱ्याला दोष सापडला नसता. घरात, वाडीत, गाईजवळ ती भरभरून बोले. शाळेत तोंडी परीक्षेला उभी राहिली की खाली बघे. तेल्हाऱ्याहून पाहुणे तिला बघायला आले तेव्हा मुलाच्या मामांनी विचारलं, "नाव काय बेटा तुमचं?" तिनं माझ्याकडे पाहिलं, मी सांगितलं. मामा हसून म्हणाले, "मोठ्या बहिणीलेच न्या लागते वाटते संगं." सगळे हसले. तीही हसली. माणसं चांगली निघाली. कापसाची शेती, मोठं घर. तिथे तिच्या सासूनं माझं काम उचललं, पुढे नवऱ्यानं, मग मुलानं. बँकेत, दवाखान्यात, शाळेत तिच्या वतीनं नेहमी कोणीतरी बोलत आलं आहे.

मी अकोल्याला आले. आमच्या पहिल्या वृत्तसंपादकांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं की प्रश्न विचारल्यावर गप्प बसायचं. समोरच्याला शांतता झेपत नाही, तो बोलतो. मला ते लगेच जमलं. मोठमोठे अधिकारी, पुढारी माझ्यासमोर बसून अस्वस्थ होत आणि नको ते सांगून जात. माझ्या हाताखालच्या पोरांना मी सांगे, दहापर्यंत मोजा. कुठून शिकलात, असं कोणी विचारलं नाही.

मागच्या हिवाळ्यात कुंदा माझ्याकडे राहायला आली होती. आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी तिला त्या संध्याकाळचं बोलले. जे लिहिलं आहे तेच, क्रमानं, आणि शेवटी म्हटलं की माझं चुकलं. ती सोलत राहिली. मी थांबले, या वेळी खरंच थांबले.

"अव ताई," ती म्हणाली, "मी त नाव म्हणूनच राह्यली होती. जीभ खाली ठेवली होती मी. क आला होता तोंडात."

"मग दोन बोंडं काहून देल्ली मले?"

"तुले घाई होती न. मले वाटलं भूक लागली असन." आणि ती हसली, ताट उचलून आत गेली.

कुंदाची नात ओवी पाच वर्षांची आहे. तिलाही क येत नाही. ओवीच्या आईवडिलांनी अकोल्यात एका वाचा-उपचार केंद्रात नाव घातलं आहे. आठवड्यातून दोनदा कुंदा तिला घेऊन तेल्हाऱ्याहून येते आणि त्या माझ्याकडे जेवून परत जातात. आता सराव मोबाइलवर चित्रित करून पाठवायचा असतो. आरसा मात्र तसाच आहे, काड्याही. पहिल्या दिवशी मी सोबत गेले होते. तिथल्या बाई तरुण, मोकळ्या होत्या. ओवीची माहिती लिहून झाल्यावर त्यांनी सोबत कोण येणार याची चौकट काढली आणि कुंदाकडे बघून विचारलं, "आजी, तुमचं नाव?"

कुंदानं माझ्याकडे पाहिलं. मी मोजायला लागले. एक. दोन. तीन. बाईंचं पेन कागदावर थांबलं होतं. चार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं. पाच. सहाला कुंदानं नजर माझ्यावरून काढली आणि बाईंकडे वळवली. तिचा खालचा जबडा किंचित पुढे आला.

"तुंदा!" ओवी म्हणाली. खणखणीत, खुर्चीवर उभी राहून. "तुंदा आजी."

बाई हसल्या. त्यांनी कागदावर नाव बरोबर लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. कुंदानं तोंड मिटलं, ओवीचा फ्रॉक मागून नीट केला. मी सातपर्यंत आले होते.